समतल चरांचा इतिहास : महाराष्ट्रातील कोरडवाहू शिवारातील पाणी, श्रम आणि मालकी

गोषवारा :

उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी समपातळीतील चरात अडवून जमिनीत मुरविणे आणि चराच्या भरावावर झाडे लावणे, ही पद्धत आज ‘पर्माकल्चर’च्या परिभाषेत ‘स्वेल’ या नावाने जगभर ओळखली जाते. सामूहिक अन्नवनाची उभारणीही अनेक ठिकाणी अशाच चरांच्या आधाराने होते. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात बांध, ताल आणि समतल चर यांचा स्वतंत्र व दीर्घ इतिहास आहे. महात्मा फुले यांच्या मांडणीपासून जलयुक्त शिवार अभियानापर्यंतच्या या इतिहासाचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. चर कोणी खोदला, त्यात मुरलेले पाणी कोणाला मिळाले आणि भरावावरील झाडावर हक्क कोणाचा, हे तीन प्रश्न या आढाव्याच्या केंद्रस्थानी आहेत.

बीजशब्द : समतल चर, बांधबंदिस्ती, पाणलोट क्षेत्र, रोजगार हमी योजना, पाणी पंचायत, चराईबंदी, अन्नवन.

१. प्रस्तावना

महाराष्ट्राच्या कृषी इतिहासाचे लेखन मुख्यत्वे धरणे, कालवे, ऊस आणि सहकारी साखर कारखाने यांच्याभोवती फिरत राहिले आहे. ते स्वाभाविकही आहे. कारण राज्याच्या अर्थकारणाला आणि राजकारणाला याच गोष्टींनी आकार दिला. परंतु राज्यातील बहुसंख्य शेतजमीन आजही पावसावर अवलंबून आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात पाऊस मोजकाच पडतो आणि तोही थोड्याच दिवसांत, जोराच्या सरींनी पडतो. अशा शिवारातील शेतकऱ्यापुढील खरा प्रश्न पाणी कोठून आणावे हा नसतो. डोक्यावर पडलेले पाणी जागीच कसे थांबवावे, हा त्याचा प्रश्न असतो. या प्रश्नाची उत्तरे शोधण्याचा इतिहास धरणांच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा असून त्याची दखल मात्र तुलनेने कमी घेतली गेली आहे.

गेल्या काही वर्षांत शहरी व निमशहरी भागात पर्माकल्चरविषयी कुतूहल वाढले आहे. परसबागा, शाळांची आवारे आणि सामूहिक फळवने यांमध्ये ‘स्वेल’ खोदण्याची शिबिरे होतात. ही पद्धत परदेशातून आलेले नवे तंत्र म्हणून मांडली जाते. ज्या प्रदेशात दुष्काळी कामावर आजी-आजोबांनी असेच चर खोदले, त्याच प्रदेशातील नातवंडांना ते नवे वाटावे, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

समतल चराच्या तंत्राची मूलतत्त्वे स्पष्ट करणे, महाराष्ट्रातील मृद् व जलसंधारणाच्या धोरणांचे प्रमुख टप्पे तपासणे आणि या कामांतील श्रम, लाभ व मालकी यांचे परस्परसंबंध उलगडणे, ही प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून शासकीय कायदे व योजना, प्रसिद्ध ग्रंथ आणि ग्रामपातळीवरील सर्वपरिचित प्रयोग यांचा आधार घेतला आहे.

३. समतल चर : रचना आणि कार्य

उतारावरील सारख्या उंचीचे बिंदू जोडले असता जी रेषा मिळते ती समपातळी रेषा होय. या रेषेवर चर खोदून निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूस रचली की समतल चर तयार होतो. चराचा तळ सर्वत्र एकाच पातळीत असल्यामुळे त्यात आलेले पाणी कोणत्याही दिशेने धावत नाही. ते पसरते, थांबते आणि मुरते. तळाला थोडा जरी उतार राहिला, तर तोच चर पाणी वाहून नेणारी नाली बनतो आणि एखाद्या ठिकाणी भराव फोडून खाली घळ पाडतो. म्हणून आखणीतील अचूकतेला खोदाईइतकेच महत्त्व आहे. ही आखणी करण्यास महागडी साधने लागत नाहीत. इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची लाकडी चौकट आणि तिला टांगलेला ओळंबा, किंवा पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, एवढ्यावर गावातील कोणीही ती शिकू शकतो.

या कामाचा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल चराच्या प्रत्येक मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावते. दोन चरांमधील अंतर १० मीटर ठेवल्यास एका हेक्टरमध्ये सुमारे १००० मीटर लांबीचे चर बसतात. त्यांची एका वेळची साठवण १८० घनमीटर, म्हणजे त्या हेक्टरवरील १८ मिलिमीटर पाण्याइतकी होते. ५० मिलिमीटरच्या एका जोरदार पावसातील एक तृतीयांश पाणी वाहून जाणारे आहे असे धरले, तरी ते सर्व या चरांत सामावते. पण या हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १८० घनमीटर साठवण निर्माण करण्यासाठी १८० घनमीटर माती, मुरूम आणि दगड माणसाला उपसावे लागतात. समतल चर स्वस्त असतो असे म्हणताना ही मेहनत कोणाची, हा प्रश्न बहुधा मागे पडतो.

चराच्या भरावावर व लगतच्या ओलाव्यावर झाडे लावणे हा या रचनेचा दुसरा भाग होय. मुळे भराव धरून ठेवतात, पालापाचोळा चरात कुजतो आणि मातीची पाणी मुरविण्याची क्षमता वाढते. अवर्षणप्रवण भागात सीताफळ, बोर, आवळा, चिंच, करंज, कडुनिंब अशी काटक झाडे आणि मारवेल, पवना यांसारखी गवते यासाठी उपयुक्त ठरतात. झाडे व गवत नसलेला चर काही पावसाळ्यांतच गाळाने भरून जातो. म्हणजे चराचे आयुष्य खोदाईपेक्षा त्याच्या वरील व भोवतालच्या वनस्पतींवर अधिक ठरते आणि वनस्पतींचे आयुष्य गुरांच्या चराईवर व माणसांच्या कुऱ्हाडीवर ठरते. तंत्राचा प्रश्न या ठिकाणी समाजाच्या प्रश्नाशी येऊन भिडतो.

४. महात्मा फुले यांची मांडणी आणि वसाहतकाळातील दुष्काळ

१८७६–७८ च्या दुष्काळाने दख्खनमधील शेतीची दुर्बलता उघडी पाडली. सरकारने दुष्काळी कामे काढली. परंतु त्यांचा मुख्य हेतू लोकांना किमान मजुरीवर जगविणे हा होता. खडी फोडणे, रस्ते व तलाव यांवर भर राहिला. सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीनुसार १८७७ मध्ये मजुरीचे प्रमाण कमी करण्यात आले, तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी कामे सोडून निषेध नोंदविला. दुष्काळी कामावरील श्रमाचे मूल्य किती, हा वाद महाराष्ट्रात तेव्हापासून चालत आलेला आहे.

या पार्श्वभूमीवर महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथातील मांडणी विशेष लक्षवेधी ठरते. सरकारने लष्करातील व पोलिसांतील मनुष्यबळाचा उपयोग करून जागोजागी बांध घालावेत आणि ते अशा रीतीने घालावेत की पावसाचे पाणी शेतांत मुरून मग ओढ्यानाल्यांस मिळावे, असे त्यांनी सुचविले. डोंगरावरील पालापाचोळा व शेणखताचा अंश पावसाबरोबर वाहत येऊन शेतांना सुपीक करीत असे, हे निरीक्षणही त्यांनी नोंदविले. जंगल खात्याने डोंगर, दऱ्या व गायराने ताब्यात घेतल्यामुळे शेतकऱ्यांच्या गुरांना चरण्यास जागा उरली नाही, अशी तक्रार त्याच ग्रंथात आढळते.

या तीन मुद्द्यांचा एकत्रित विचार केला असता फुले यांच्या विचारातील एकसंधता लक्षात येते. डोंगर, गायरान आणि शेत हे त्यांच्या दृष्टीने एकाच व्यवस्थेचे भाग होते. माथ्यावरील झाडोरा आणि पायथ्याचे पीक यांतील नाते त्यांनी ओळखले होते. आज ज्याला पाणलोट क्षेत्राची दृष्टी म्हटले जाते, तिची बीजे येथे स्पष्ट दिसतात. मात्र वसाहतकालीन प्रशासनात डोंगर जंगल खात्याकडे, शेत महसूल खात्याकडे आणि पाणी बांधकाम खात्याकडे असे विभाजन पक्के झाले. ते पुढे अनेक दशके टिकले.

५. बांधबंदिस्ती : संशोधनाकडून कायद्याकडे

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोरडवाहू शेतीच्या संशोधनाला शासकीय पाठबळ मिळाले. शाही कृषी आयोगाचा अहवाल १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर स्थापन झालेल्या कृषी संशोधन परिषदेच्या साहाय्याने १९३३ मध्ये सोलापूर व विजापूर येथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनास प्रारंभ झाला. बांधबंदिस्ती, खोल नांगरट, अंतर राखून पेरणी व वारंवार कोळपणी यांचा समावेश असलेली ‘मुंबई कोरडवाहू शेती पद्धती’ याच काळात आकाराला आली. ना. वि. कानिटकर यांनी या संशोधनाची मांडणी करणारा ग्रंथ १९४४ मध्ये सिद्ध केला.

१९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीला कायदेशीर अधिष्ठान दिले. एकेका शेतकऱ्याच्या स्वतंत्र इच्छेवर अवलंबून न राहता सलग क्षेत्राची योजना आखणे आणि तिचा खर्च लाभधारकांकडून वसूल करणे यामुळे शक्य झाले. यामागील तांत्रिक तर्क बिनचूक होता. वरच्या शेतात बांध नसेल तर खालच्या शेतातील बांध टिकत नाही. पाण्याला सातबाऱ्याची हद्द समजत नाही.

शेतकऱ्याला मात्र ती हद्द समजत होती. समपातळी रेषेने आखलेले बांध शेताच्या मधूनच वाकडेतिकडे जात. त्यामुळे औताचे फेरे अडत, जमीन वाया जाई आणि एकाच बांधाच्या दोन्ही बाजूंस दोन मालक येत. खोल काळ्या जमिनीत आणखी एक अडचण होती. पावसाळ्यात बांधाच्या वरच्या बाजूस पाणी तुंबून पीक पिवळे पडे आणि उन्हाळ्यात मातीला भेगा पडून बांध पुढच्या पावसात फुटे. अशा वेळी अनेक शेतकऱ्यांनी सरकारी बांध मोडून आपल्या हद्दीवरचे जुने बांधच कायम ठेवले. या वर्तनाकडे अज्ञान म्हणून पाहण्याचा प्रघात दीर्घकाळ राहिला. वास्तविक शेतकऱ्यांच्या या कृतीत जमीनधारणेचा आणि मातीच्या गुणधर्माचा व्यवहारी विचार होता. हलक्या, मुरमाड उतारावर जे तंत्र उपकारक ठरते, तेच चिकण काळ्या मातीत सांडव्याची सोय नसल्यास अपायकारक ठरते, हा धडा आजच्या बागांतील चर खोदणाऱ्यांनाही लागू आहे.

६. १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमीचे चर

१९७२–७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील ग्रामीण जनता अभूतपूर्व संख्येने सरकारी कामांवर आली. मे १९७३ च्या सुमारास कामावरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात पोहोचली होती. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, रस्ते व खडी फोडणे ही या कामांची प्रमुख रूपे होती. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथील अनुभवातून मांडलेल्या कल्पनेला या काळात व्यापक रूप मिळाले. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम देण्याची कायदेशीर जबाबदारी एखाद्या राज्याने स्वीकारण्याचे हे देशातील पहिलेच उदाहरण होय. केंद्राने असा कायदा करण्यास २००५ साल उजाडावे लागले.

या योजनेवरील मजुरांमध्ये स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते. टिकाव-फावड्याने खोदलेल्या मुरमाच्या पाट्या डोक्यावरून वाहणारी स्त्री ही त्या काळातील ग्रामीण महाराष्ट्राची ओळख बनली. तिच्या श्रमातून निर्माण झालेल्या मत्तेचा लाभ मात्र तिच्यापर्यंत पोहोचलाच असे नाही. त्याचे कारण भूशास्त्रातही आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकात पाणी साठविण्याची जागा मर्यादित असते. ते मुख्यत्वे वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये असते. माथ्यावर मुरलेले पाणी या थरांतून सरकत खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या विहिरींत प्रकटते. ओढ्याकाठची चांगली जमीन, विहीर आणि ती उपसण्यासाठी मोटार ज्याच्याकडे आहे, त्याच्या हाती ते लागते. माथ्यावर चर खोदणाऱ्या भूमिहीन मजुराला मजुरी मिळाली. पाणी मिळाले नाही. सार्वजनिक खर्चाने आणि मजुरांच्या घामाने भरलेला भूजलाचा साठा अशा रीतीने खासगी उपशाचा विषय झाला.

१९८३ पासून राबविण्यात आलेल्या सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रमाने सुटी कामे एकत्र गुंफण्याचा प्रयत्न केला आणि ‘माथा ते पायथा’ हे सूत्र शासकीय परिभाषेत रुजले. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा घरोघरी पोहोचली. अडविणे आणि जिरविणे यांनंतरचे तिसरे क्रियापद, म्हणजे ‘वाटणे’, त्या घोषणेत नव्हते.

७. नायगावची पाणी पंचायत : वाटपाचा प्रश्न

हे तिसरे क्रियापद प्रत्यक्षात आणण्याचा सर्वांत ठळक प्रयत्न पुरंदर तालुक्यात झाला. पुण्यातील अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर नायगाव येथे देवस्थानाची सुमारे ४० एकर उताराची जमीन कराराने घेतली. तेथे बांधबंदिस्ती, पाझर तळे, विहीर आणि वृक्षलागवड यांच्या साहाय्याने जमीन उत्पादक केली. १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठानची स्थापना झाली आणि पुढे या अनुभवातून पाणी पंचायतीची कल्पना साकारली.

तिचे नियम मोजके परंतु दूरगामी होते. पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यावा. दरडोई अर्धा एकर आणि कुटुंबाला कमाल अडीच एकर भिजेल एवढेच पाणी मिळावे. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाऊ नये. उसासारखी अतिपाण्याची पिके घेऊ नयेत. भूमिहीनांनाही पाण्यात वाटा असावा. आणि लाभधारकांनी खर्चाचा २० टक्के भाग स्वतः उचलावा. जमीन आणि पाणी यांच्या मालकीची शतकानुशतकांची गाठ या नियमांनी सोडविली. भूमिहीनाच्या हाती पाण्याचा हक्क आला, तर तो जमीनधारकाशी बरोबरीने वाटाघाट करू शकतो, हा त्यामागील विचार होता.

२००२ मध्ये साळुंखे यांचे निधन झाले. पाणी पंचायतीचे नियम राज्याच्या पाणलोट धोरणाचा कणा कधी बनले नाहीत. शासनाने चर, बांध आणि तळी यांचे तांत्रिक नमुने स्वीकारले; परंतु दरडोई वाटपाचा नियम स्वीकारला नाही. तंत्र सहज उचलता येते, नियमाला मात्र हितसंबंधांचा अडसर येतो, हे या उदाहरणातून प्रकर्षाने दिसते.

८. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार आणि चराईबंदीचा भार

तत्कालीन अहमदनगर, म्हणजे सध्याच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दोन गावांनी गावपातळीवरील नियमांचे महत्त्व सिद्ध केले. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली १९७५ नंतर श्रमदान, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व कुटुंबनियोजन या सूत्रांभोवती पाणलोटाची कामे झाली. राज्य शासनाने १९९२ मध्ये सुरू केलेल्या आदर्श गाव योजनेला हाच अनुभव आधारभूत ठरला. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखालील हिवरे बाजारने या योजनेत सहभागी होऊन डोंगरउतारावर मोठ्या प्रमाणात सलग समतल चर खोदले आणि त्याला पाणीवापराच्या नियमांची जोड दिली. शेतीसाठी कूपनलिकांवर बंदी, ऊस व केळी यांसारख्या पिकांना मज्जाव आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडून त्यानुसार पिके ठरविणे, ही त्या गावाची वैशिष्ट्ये होत. फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमानेही गावाने आधी श्रमदान व बंदीचे नियम स्वीकारावेत, मगच निधी द्यावा, हे सूत्र अवलंबिले.

या यशोगाथांचा गौरव करताना त्यांच्या सामाजिक किमतीचाही विचार झाला पाहिजे. चराईबंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्याकडे शेत आहे, तो बांधावरचा चारा व पिकाचा कडबा वापरून दोन गाई दावणीला बांधू शकतो. ज्याचे सारे धन चार शेळ्यांमध्ये आहे, किंवा जो धनगर मेंढ्या घेऊन ठरलेल्या वाटेने फिरतो, त्याच्यासाठी डोंगर बंद होणे म्हणजे उपजीविका बंद होणे होय. डोंगर हिरवा झाल्यावर कापून नेण्यास मिळालेले गवत, वाढलेली शेतमजुरी आणि दुधाचा जोडधंदा यांतून काही प्रमाणात भरपाई झाली. परंतु मधली काही वर्षे कोणी कशी काढली, याचा हिशेब यशोगाथांत सहसा आढळत नाही.

शिवाय गायरान ही रिकामी जागा नव्हती. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी पडीक व सरकारी जमीन कसण्यासाठी मिळावी, अशी मागणी केली होती. मराठवाड्यात अनेक दलित कुटुंबे गायरानाच्या तुकड्यांवर जगत आली आहेत. त्यामुळे ‘गावाच्या सामायिक जमिनीवर झाडे लावू’ हे वाक्य ऐकावयास निरुपद्रवी वाटले, तरी त्या जमिनीवर कोणाचा हक्क, कोणाची वहिवाट आणि कोणाची मागणी आहे, हे पाहिल्याशिवाय ते न्याय्य ठरत नाही.

९. पर्माकल्चरचा ‘स्वेल’ आणि अन्नवनाची कल्पना

ऑस्ट्रेलियात पी. ए. योमन्स यांनी १९५४ मध्ये ‘कीलाइन’ आराखड्याची मांडणी करून भूरूपानुसार पाणी फिरविण्याचा व मुरविण्याचा विचार रूढ केला. १९७८ मध्ये बिल मॉलिसन व डेव्हिड होल्मग्रेन यांनी ‘पर्माकल्चर’ ही संकल्पना ग्रंथरूपाने मांडली. कायमस्वरूपी टिकणारी शेती, असा तिचा आशय होता. मॉलिसन यांच्या १९८८ च्या ग्रंथात ‘स्वेल’चे सविस्तर विवेचन येते. समपातळीत खोदलेला, पाणी वाहून न नेता मुरविणारा आणि झाडांशिवाय अपूर्ण असलेला चर, ही त्याची व्याख्या आपल्याकडील सलग समतल चराशी जवळजवळ जुळते. फरक उद्देशाच्या क्रमात आहे. बांधबंदिस्तीत माती वाचविणे हे प्रथम उद्दिष्ट होते आणि त्यासाठी भराव चोपून घट्ट करीत. स्वेलमध्ये भराव भुसभुशीत ठेवून त्यावर बहुस्तरीय फळझाडे, झुडपे, वेल व कंद वाढविणे हे प्रथम उद्दिष्ट असते. २०१७ मध्ये हैदराबाद येथे पर्माकल्चरचे आंतरराष्ट्रीय संमेलन झाले, तेव्हा या विचाराचा भारतातील प्रसार अधोरेखित झाला.

महाराष्ट्रात थोड्या क्षेत्रातून विपुल उत्पादन घेण्याचा विचार श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून स्वतंत्रपणे विकसित केला होता. ‘विपुलाच सृष्टी’ या ग्रंथात तो विस्ताराने आला आहे. सूर्यप्रकाश, पालापाचोळा आणि निरीक्षण हेच शेतकऱ्याचे भांडवल, ही त्यांची धारणा पर्माकल्चरच्या विचाराशी नाते सांगते. शासकीय पातळीवर १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली आणि कोरडवाहू उतारांवर आंबा, बोर, डाळिंब, सीताफळ, काजू यांच्या बागा उभ्या राहिल्या. दुष्काळी मजुरीतून फळझाडांची मत्ता निर्माण करणारी ही योजना महत्त्वाची होती. तथापि ती सातबाऱ्यावर नाव असलेल्यांसाठी होती. भूमिहीनाच्या वाट्याला त्या बागेत खड्डा खोदण्याचे काम आले.

सामूहिक अन्नवनाची कल्पना नेमके याच ठिकाणी वेगळे काही सांगू पाहते. अमेरिकेतील सिॲटल शहरात सार्वजनिक जमिनीवर २०१२ मध्ये काम सुरू झालेले बीकन अन्नवन फळे तोडण्यास सर्वांना मुभा देते. आपल्याकडे गावच्या चिंचेचा किंवा आंब्याचा लिलाव करून ग्रामपंचायतीने उत्पन्न घेण्याची पद्धत आहे. तेथे झाड सार्वजनिक असते, फळ मात्र बोली लावणाऱ्याचे असते. गावाच्या उतारावर समतल चर खोदून सीताफळ, आवळा, बोर व शेवगा यांचे अन्नवन उभे करावयाचे असेल, तर पहिल्या टोपल्या कोणाच्या घरी जाणार, हे रोप लावण्याआधी ठरविणे आवश्यक आहे. चर खोदणाऱ्या हातांना त्यात अग्रहक्क देणे हा नायगावच्या नियमाचाच विस्तार ठरेल.

१०. माथ्यावरून नाल्याकडे : जलयुक्त शिवार आणि त्यानंतर

डिसेंबर २०१४ मध्ये राज्य शासनाने जलयुक्त शिवार अभियान सुरू केले. दरवर्षी ५००० गावे टंचाईमुक्त करून २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करण्याचे उद्दिष्ट होते. विविध विभागांच्या योजनांचे एकत्रीकरण ही या अभियानाची जमेची बाजू होती. प्रत्यक्षात मात्र यंत्राने नाला खोलीकरण व रुंदीकरण करण्यावर अनेक ठिकाणी भर राहिला. यंत्राचे काम लवकर होते, डोळ्यांना दिसते आणि पहिल्याच पावसात पाण्याने भरते. माथ्यावरील चर व झाडोरा यांचे फळ दिसण्यास वर्षे लागतात. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी या पद्धतीस न्यायालयात आव्हान दिले; तिच्या तपासणीसाठी समिती नेमली गेली. २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी अभियानाच्या परिणामकारकतेबद्दल गंभीर आक्षेप नोंदविले. तरीही पुढे अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यास मान्यता देण्यात आली.

याच कालखंडात, २०१६ ते २०१९ या वर्षांत, पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने हजारो गावकऱ्यांना उन्हाळ्यात श्रमदानासाठी बाहेर काढले आणि समतल चराची आखणी पुन्हा सामान्य माणसाच्या हाती दिली. लोकसहभागाचा हा उत्साह अभूतपूर्व होता. स्पर्धेचे स्वरूप ठरावीक दिवसांचे असल्याने खोदाईनंतरच्या देखभालीचा आणि वाढलेल्या पाण्यातून कोणती पिके घ्यावयाची याचा निर्णय त्या त्या गावावर राहिला. ज्या गावात तो निर्णय झाला नाही, तेथे मुरलेले पाणी नव्या कूपनलिकांनी उपसले जाण्याचा धोका कायम राहतो.

११. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) समतल चराचे तंत्र महाराष्ट्राला नवीन नाही. फुले यांच्या मांडणीत त्याचे तत्त्व, १९४२ च्या कायद्यात त्याला पूरक सलग क्षेत्राचा विचार आणि रोजगार हमीत त्याचे श्रम आढळतात. पर्माकल्चरने त्यात बहुस्तरीय वृक्षलागवडीची मोलाची भर घातली आहे.

२) बांधबंदिस्तीचा अनुभव असे दर्शवितो की माती, उतार आणि जमीनधारणा विचारात न घेता लादलेली रचना टिकत नाही. हलक्या मुरमाड उताराचा नमुना काळ्या जमिनीत जसाच्या तसा नेऊ नये.

३) चर खोदणारे आणि मुरलेल्या पाण्याचा लाभ घेणारे हे बहुतांशी वेगवेगळे गट राहिले. ही तफावत दूर करणारे नियम नायगावने दिले होते. धोरणाने त्यांची रचना घेतली, न्याय घेतला नाही.

४) चराईबंदी व सामायिक जमिनीवरील लागवड यांचा भार भूमिहीन, पशुपालक आणि गायरान कसणाऱ्या कुटुंबांवर अधिक पडतो. सामूहिक अन्नवनाच्या नियोजनात त्यांना प्रथम विचारणे हे केवळ सौजन्य नसून त्या वनाच्या टिकाऊपणाची अट आहे. कारण ज्याला झाडापासून काहीच मिळत नाही, त्याने ते राखावे अशी अपेक्षा करता येत नाही.

५) प्रत्येक नव्या योजनेत खोदाईसाठी तरतूद असते; देखभालीसाठी क्वचितच असते. चरातील गाळ काढणे, मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडणे यांसाठी ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात कायम तरतूद असावी.

१८८३ मध्ये फुले यांनी पाणी शेतांत मुरून मग ओढ्याला मिळावे, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. ते कसे मुरवावे, हे आपण एवढ्या वर्षांत शिकलो आहोत. ते कोणासाठी मुरवावे, याचे उत्तर गावागावाने ठरवावयाचे आहे. आणि हे उत्तर पहिला टिकाव पडण्यापूर्वी, ग्रामसभेत, चर खोदणाऱ्यांच्या उपस्थितीत ठरले तरच पुढील पिढीला तो चर पुन्हा खोदावा लागणार नाही.